कथा दुसऱ्याची, चित्रपट माझा: लेखकाचं ऋण कशात मानायचं?

रानवाट
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सांग्याचा. लघुपट करतो, नाट्यस्पर्धेतल्या नाटकांची प्रकाशयोजनाही करतो. एका गोमंतकीय लेखकाच्या मराठी कथेवर पाऊण तासाचा चित्रपट करायला घेतलाय. लेखक आता नाहीत. घरच्यांशी बोलणी चालू आहेत, म्हणून त्यांचं आणि कथेचं नाव इथे देत नाही. पण गोष्ट थोडक्यात सांगतो, नाहीतर प्रश्न कळणार नाही.

पोर्तुगीज जाऊन दोन-तीन वर्षं झालेली. मिरग तोंडावर. एका मुंडकाराची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची, विधवा भाटकाराच्या, म्हणजे त्या जमीनमालकाच्या, घरी चुडतां (माडाच्या झावळ्या) मागायला जाते, कारण घर शाकारायचं राहिलंय. दर वर्षी नवरा जायचा, यंदा तो नाही. ती अंगणात उभी राहते. बऱ्याच वेळानं भाटकार बाहेर येतो, 'व्हर' (घेऊन जा) एवढंच म्हणतो, आणि ती चुडतां डोक्यावर घेऊन परत फिरते. घडतं इतकंच. बाकी सगळी कथा तिच्या मनात चालते: उभं कुठे राहायचं, हाक मारायची की खाकरायचं, पदर कसा घ्यायचा, नवरा इथे उभा असताना त्याला काय वाटत असेल. शेवटी चुडतां मिळूनही ती हरल्यासारखी चालते, कारण पुढच्या वर्षी परत याच अंगणात यायचंय.

ही कथा मी कॉलेजात वाचली. आमच्या गावातली घरं मी रोज बघत होतो, पण कोण कुणाच्या अंगणात कुठपर्यंत जातं ते मला या कथेनं दाखवलं. आज कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवताना मी जे बघतो त्यातलं बरंच त्या माणसाचं आहे. ते ऋण कसं मानायचं, हा प्रश्न मला खरंच पडलाय. पडद्यावरच्या पहिल्या पाटीवर नाव? घरच्यांना मानधन? की कथेतला एक शब्द इकडचा तिकडे न करणं?

कारण पटकथेत मी एक पात्र वाढवलंय. कथेत नसलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी, जी आईबरोबर जाते. मित्र म्हणतात, हा लेखकाशी कृतघ्नपणा आहे. मला तसं वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणी सांगा.

अबोली_केपे
नाव पहिल्या पाटीवर, दिग्दर्शकाच्या आधी, आणि सावकाश वाचता येईल इतका वेळ. एवढं आधी कबूल करा, मग मुलीचं बोलू.

वकीलबाब
रानवाट बाब, भावनेचा भाग इतर बघतील. मी कागदाचा बघतो, कारण कागद नीट नसला तर कृतज्ञता कोर्टात जाऊन बसते.

लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं कॉपीराइट वारसांकडे असतो. वारस म्हणजे फक्त पत्नी किंवा थोरला मुलगा नव्हे. मृत्युपत्र नसेल तर सगळे. एक भाऊ मुंबईत, एक बहीण लिस्बनला, असं आपल्याकडे घरोघरी असतं. सगळ्यांच्या सह्या घ्या. तोंडी 'कर रे बाबा, चांगलं काम आहे' हे प्रेमाचं झालं, परवानगीचं नव्हे.

करारात मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या बाहेरच्या महोत्सवात पाठवायचं झालं तर तिथेच अडाल. शिवाय वेगळं काही ठरलेलं नसेल तर हक्क मिळाल्यापासून वर्षभरात वापरले नाहीत की ते परत जातात. निधी गोळा करण्यात वर्ष कसं सरतं हे तुम्हाला ठाऊक आहे.

आणि कलम 57. हक्क विकले तरी लेखकाचं नाव राहण्याचा, आणि त्याच्या कीर्तीला बाधा येईल अशी मोडतोड होऊ न देण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. वारसांनाही तो चालवता येतो. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी'वर 'समय की धारा' नावाचा चित्रपट निघाला, तेव्हा हक्क त्यांनी रीतसर दिले होते. तरीही कादंबरीचा विपर्यास झाला म्हणून त्या भांडल्या. 1986 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांचं म्हणणं गंभीरपणे घेतलं. शेवटी तडजोड झाली ती अशी, की चित्रपटातून त्यांचं आणि कादंबरीचं नाव काढून टाकायचं. म्हणजे कधीकधी लेखकाला आपलं नाव नसणं हाच सन्मान वाटतो. अबोली, पाटीचं उत्तर म्हणून इतकं सरळ नाही.

मांडवीकाठ
माझं मत वेगळं आहे आणि ते कठोर वाटेल. दिग्दर्शकानं लेखकाचं ऋण मनात घेऊन सेटवर जाऊच नये. ऋणको माणूस सावकारासमोर मान वर करत नाही. ज्यांना कथा फार आवडते ते तिचं पान न् पान चित्रित करतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की पुस्तकच वाचलं असतं तर बरं.

'गाइड' घ्या. आर. के. नारायण यांना तो चित्रपट मुळीच पटला नाही. मालगुडी सोडून सगळं उदयपूरकडे नेलं म्हणून त्यांनी 'मिसगायडेड गाइड' असा लेखच लिहिला. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण वहिदा रेहमान ज्या मोकळेपणानं त्यात वावरते, ते नारायण यांच्या आज्ञेत राहून झालं असतं का? विजय आनंद यांनी पुस्तकाचं ऐकलं नाही, म्हणून चित्रपट उभा राहिला.

मुलगी ठेवा. हवं तर भाटकारही काढून टाका.

पाटोचा_वाचक
मांडवीकाठ, भाटकार काढला तर ती चुडतां मागणार कुणाकडे? :)

'गाइड'बद्दल तुमचं बरोबर धरलं तरी 'तीसरी कसम' समोर ठेवा. फणीश्वरनाथ रेणूंची 'मारे गए गुलफाम' ही कथा, निर्माता शैलेंद्र. त्यांनी संवाद खुद्द रेणूंकडून लिहून घेतले. वितरक मागे लागले की शेवटी हिरामन आणि हिराबाईला भेटवा, लोक रडत बाहेर पडले तर पैसा बुडेल. शैलेंद्र हटले नाहीत. पैसा बुडालाच, आणि 1966 साली चित्रपट आला त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते गेले. ऋण मानून केलेला चित्रपट मिंधा होतो असं म्हणता येत नाही. तो आजही ताठ उभा आहे.

आता आपल्या घरचं. पहिला कोकणी चित्रपट 'मोगाचो आंवडो', 24 एप्रिल 1950, अल जेरी ब्रागांझांचा. तो दिओगो मास्कारेन्हस यांच्या 'मोगाची ओड' या कादंबरीवरून घेतलेला होता. म्हणजे गोव्याच्या सिनेमाचं पहिलं पाऊलच पुस्तकावर पडलंय. चित्रपटाच्या तारखेचा आपण कोकणी सिनेमाचा दिवस केला, चांगलं केलं. कादंबरीकाराचं नाव मात्र त्या दिवशी क्वचित ऐकू येतं. मला ते लागतं.

आणि लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा 'पलतडचो मुनिस'. महाबळेश्वर सैलांच्या 'अदृश्ट' कादंबरीवरचा. 2009 मध्ये टोरांटोला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. सीमेवरच्या रानातला एकटा वनरक्षक आणि एक वेडी बाई. चित्रपट बघून कितीतरी जण ग्रंथालयात सैलांची पुस्तकं विचारायला आले. रानवाट, ऋण फेडायची ही एक रीत तुमच्या यादीत नव्हती: चित्रपट संपल्यावर माणसानं पुस्तक शोधत यावं.

सुरंगी
इथे सहसा वाचून जाते, आज लिहिते. माझे वडील लेखक होते. नाव सांगत नाही.

त्यांच्या एका दीर्घकथेवर चित्रपट झाला. करणारी माणसं सभ्य होती. घरी आली, आईच्या पाया पडली, मानधनाचं पाकीट दिलं, पहिल्या खेळाला पुढच्या रांगेत बसवलं, शाल-श्रीफळ दिलं. पाटीवर बाबांचं नाव ठळक होतं. अबोलीताई, तुम्ही म्हणता तसंच, सावकाश वाचता येईल असं.

आणि मग चित्रपट सुरू झाला. बाबांच्या कथेत देवळात गाणाऱ्या एका कलावंतिणीचा मुलगा आहे, ज्याला आपल्या आईच्या गाण्याचा अभिमान वाटतो. सगळी कथा त्या अभिमानावर तोललेली. चित्रपटात त्याला आईची लाज वाटत होती. लाज दाखवणं सोपं असतं, त्यात रडता येतं, ओरडता येतं. शेजारी आई गप्प बसली होती. घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली की ही कथा त्यांनी वाचलेली नाही.

त्या लोकांवर माझा राग नाही. त्यांनी आम्हाला मान दिला, पैसे दिले, पाटी दिली. वाचन तेवढं दिलं नाही. म्हणून रानवाट, तुम्ही मुलगी घातली हे ऐकून मला पहिल्यांदा धस्स झालं, आणि मग तुम्ही ती 'उभं कुठे राहायचं, हाक मारायची की खाकरायचं' ही ओळ लिहिलीत ती परत वाचली. ज्यानं कथा अशी वाचलीय त्यानं घातलेली मुलगी मी लेखकाची मुलगी म्हणून बघायला तयार आहे. पण ती का घातली ते सांगा.

नाटकवेडा_डिचोली
सुरंगीताई, तुमच्या आईचं वाक्य प्रत्येक तालमीच्या खोलीत लावायला हवं.

आमच्याकडे जत्रेच्या नाटकाला पडदा उघडण्याआधी नावं वाचतात. पडदा कुणी दिला, बत्ती कुणाची, चहा कुणाचा, ट्रॅक्टर कुणी आणला. वाचणारा दमतो, बघणारा आवडीनं ऐकतो, कारण त्यात आपल्या काकाचं नाव असतं. नाटककाराचं नाव कधी येतं, कधी राहून जातं. मी मंडळात भांडून ते पहिलं वाचायला लावलं. पहिल्या वर्षी लोक विचारत होते की हा कुठल्या वाड्यावरचा, यानं काय दिलं? मी सांगितलं, नाटक दिलं. तेव्हापासून टाळ्या पडतात.

इफ्फीत, आपल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, पण हेच बघतो. दिग्दर्शक मंचावर येतो, निर्माते, कलाकार, सरकार, बायको, सगळ्यांचे आभार. पुस्तकावरचा चित्रपट असला की मी लेखकाच्या नावाची वाट बघत बसतो. आलं की मी एकटा जोरात टाळ्या वाजवतो. पणजीत 2004 पासून इफ्फी आहे, आता दरवाजावरचे स्वयंसेवक मला ओळखतात.

रानवाट
सुरंगीताई, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ काही सुचेना. विचारलंत म्हणून सांगतो.

कथेत तिचं मन निवेदनातून कळतं. लेखक तिच्या आत शिरून बोलतो. पडद्यावर मला आत शिरता येत नाही. पार्श्वनिवेदन घालून बघितलं, एका अभिनेत्रीकडून वाचून घेतलं. तिचा आवाज उत्तम होता, पण अंगणात उभी असलेली बाई एकदम दुबळी झाली. ती काय सोसतेय ते कुणीतरी वरून समजावून सांगतंय असं झालं. कथेतली बाई कुणालाही काही सांगत नाही, तेच तर तिचं बळ.

मग लक्षात आलं, तिला बघणारं कुणीतरी हवं. मुलीला रीत माहीत नाही. ती सरळ ओसरीची पायरी चढते, आई हात धरून खाली ओढते. एक शब्दही न बोलता कळतं की उभं कुठे राहायचं असतं. आणि शेवटचं ते 'पुढच्या वर्षी परत' हे वाक्य... परतीच्या वाटेवर मुलगी एक चुडत स्वतःच्या डोक्यावर घेते. आई बघते. पुढच्या वर्षी कोण येणार हे आईला दिसलेलं असतं.

सुरंगी
घ्या मुलगी. निःशंक घ्या.

उजवाड
मी चित्रपट शिकवते, त्यामुळे लांबण लागेल.

रानवाट यांनी जे केलं त्याचं सर्वात मोठं उदाहरण 'पथेर पांचाली'. सत्यजित राय यांचा त्या पुस्तकाशी संबंध आला तो चित्रकार म्हणून. सिग्नेट प्रेसनं बिभूतिभूषणांच्या कादंबरीची मुलांसाठी छोटी आवृत्ती काढली, तिची चित्रं रायांनी काढली. म्हणजे दिग्दर्शक होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी त्या पुस्तकातला प्रसंग न् प्रसंग हातानं रेखाटलेला होता. पुढे लेखक गेले. रायांनी त्यांच्या पत्नीची परवानगी घेतली, आणि पैशाअभावी वर्षानुवर्षं अडखळत, शेवटी पश्चिम बंगाल सरकारच्या पैशानं तो चित्रपट 1955 मध्ये पुरा झाला.

आता बदल बघा. कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरुण अगदी सुरुवातीच्या भागात जाते. रायांनी तिला बरीच पुढपर्यंत जगवली आणि तिचं मरण मुलांसमोर आणलं. कादंबरीत भावंडं आगगाडी बघायला निघतात आणि न बघताच परततात. रायांच्या चित्रपटात काश गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांतून ती धावतात आणि गाडी येते. शब्दाशी इमान म्हणाल तर ते दोन्हीकडे मोडलं. पण राय म्हणत की कादंबरीचा भटकत जाणारा, रेंगाळणारा स्वभाव पटकथेत राखायलाच हवा, कारण गरीब खेड्यातलं जगणंच तसं रेंगाळत चालतं. त्यांनी प्रसंग बदलले, चाल राखली. नवखा दिग्दर्शक नेमकं उलट करतो, सगळे प्रसंग ठेवतो आणि चाल घालवतो.

मराठीत 'सिंहासन' हे याचं देखणं उदाहरण. अरुण साधूंच्या एक नाही, दोन कादंबऱ्या, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन', विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत विणल्या, आणि जब्बार पटेलांनी 1979 मध्ये चित्रपट केला. किती पात्रं गळली, किती जोडली गेली. पण साधूंना राजकारणाकडे बघायची जी पत्रकाराची नजर होती, ती दिगूच्या रूपानं शेवटपर्यंत चौकटीत राहते. निळू फुल्यांचा चेहरा आठवा.

मांडवीकाठ, तुमच्याशी माझं भांडण एका जागी आहे. तुम्ही ऋण आणि आज्ञा एकच धरता. रायांवर बिभूतिभूषणांचं प्रचंड ऋण होतं, आणि आज्ञा त्यांनी एकही पाळली नाही.

मांडवीकाठ
उजवाडबाय, हे मान्य. 'आज्ञा' हाच शब्द मला हवा होता. तरी एक ठेवतो: लेखक जिवंत असेल आणि सेटवर खुर्ची टाकून बसला असेल, तर ऋण आणि आज्ञा वेगळी ठेवायला दिग्दर्शकाला फार मोठं काळीज लागतं.

पाटोचा_वाचक
रेणू बसले होते की. :)

बोरीपूल
सगळे मुलीबद्दल बोलताय, मला त्याहून मोठी गोष्ट दिसते आणि ती खास आपली गोव्याची आहे.

आपल्या जुन्या मराठी कथा उघडून बघा. निवेदन मराठीत, शुद्ध, कधीकधी संस्कृताळलेलं. माणसं बोलायला लागली की कोकणी. लेखक शाळेत मराठी शिकला, वर्तमानपत्र मराठी, कीर्तन मराठी, घरात आणि शेतात कोकणी. त्यामुळे कथेच्या पानावर दोन्ही भाषा शेजारी नांदतात. पण चित्रपट करताना काय होतं? निवेदन गळतं, कारण त्याची जागा कॅमेरा घेतो. उरतात संवाद. म्हणजे मराठी कथेचा चित्रपट आपोआप कोकणी होतो! रानवाटच्या कथेत भाटकाराचा एकच शब्द आहे, 'व्हर', आणि तो कोकणी आहे.

मग सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर भाषा कुठली लिहिणार? राष्ट्रीय पुरस्काराला कोकणीत पाठवणार की मराठीत? ज्या माणसानं जन्मभर मराठीत लिहिलं, त्याची कथा त्याच्या नावानिशी कोकणी चित्रपटांच्या यादीत जाईल. त्याला ते आवडलं असतं का? आणि उलट, भाटकाराला 'घेऊन जा' म्हणायला लावलं तर ते अंगण सांग्याचं राहील का?

अबोली_केपे
'घेऊन जा' म्हणणारा भाटकार मी बघणार नाही. सांगून ठेवते.

शिवोलेकार
इथून राजभाषा कायद्यावर घसरू नये ही सगळ्यांना हात जोडून विनंती. 1987 साली कोकणी की मराठी यावरून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, घराघरांत दोन्ही बाजू होत्या. बोरीपूलचा मुद्दा चित्रपटाचा आहे, तिथेच राहू द्या.

मला वाटतं, माणसं जशी बोलतात तशी बोलू द्यावीत. लेखकानंच पानावर तसं ठरवून ठेवलंय. मराठी कथाकारानं आपल्या पात्रांच्या तोंडी कोकणी दिली हा त्याचा निर्णय होता, तो पाळणं हाच मान.

उजवाड
शिवोलेकार, मनापासून सहमत. भर एवढीच, की जागा आणि भाषा हलवूनही चांगलं काम होऊ शकतं. कुडाळकडच्या चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' श्याम बेनेगलांनी 1978 मध्ये हिंदीत आणि तेलुगूत केली, कोकणातली गोष्ट आंध्रात नेली. पण मला त्या चित्रपटात कोकणातल्या दमट हवेची उणीव भासते. खानोलकरांचं भय त्या हवेतून येतं. तुमच्या कथेतलं भय अंगणातून येतं, म्हणून अंगण हलवू नका.

नाटकवेडा_डिचोली
जरा वेगळं. चुडतांचं छप्पर शाकारायला माणसं कुठली आणणार? आमच्याकडे आता सगळे पत्रे आणि मंगळुरी कौलं. चुडतां पाण्यात भिजवून विणायला येणाऱ्या बायका सत्तरीच्या पुढच्या.

अबोली_केपे
माझी मावशी विणते. आमच्या पंचक्रोशीत अजून तीन-चार जणी आहेत. विणताना त्या जे बोलतात ते ऐकायला म्हणून तरी आधी येऊन बसा, मग कॅमेरा आणा. आणि पाटीवर त्यांचीही नावं घाला, 'इतर सहकार्य' असं नको.

शिवोलेकार
अंगण हवं असेल तर लोटलीकडे बघितलंत का? बेनेगलांनी 'त्रिकाल' तिथे मारियो मिरांडांच्या घरात केला होता. तेवढं मोठं नको, पण त्या बाजूला ओसरी, पायऱ्या, समोर मोकळं अंगण असलेली घरं अजून आहेत.

बोरीपूल
लोटलीचं घर ख्रिस्ती भाटकाराचं वाटेल. कथेतला भाटकार कोण आहे ते रानवाटनं सांगितलं नाही. अंगणात तुळस आहे की खुरीस (क्रूस), यावर बाईचं उभं राहणंही बदलेल.

रानवाट
हिंदू भाटकार आहे. तुळशीवृंदावन कथेत आहे आणि तिची सावली कुठे पडते तेही लेखकानं लिहिलंय. घर केप्याच्या बाजूला बघतोय. अबोलीबाय, मावशींचा पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या, मी नक्की येतो. देव बरें करूं.

वकीलबाब
भाषेच्या चर्चेवरून आठवलं. परवानगीपत्रात चित्रपटाची भाषा स्पष्ट लिहा: संवाद कोकणी, मूळ कथा मराठी. मुलीचं पात्र वाढवलंय हेही लिहा, आणि पटकथेची प्रत सोबत जोडून तिच्या प्रत्येक पानावर वारसांची सही घ्या. कलम 57 चा प्रश्न उद्या उठूच नये असं वाटत असेल तर याहून चांगला मार्ग नाही. घरच्यांनी पटकथा वाचून हो म्हटलेलं असेल, तर पुढच्या रांगेत बसून धक्का खायची वेळ कुणावर येत नाही.

मुंडकार कायदा 1975 चा, म्हणजे तुमच्या कथेच्या काळानंतरचा. भाटकारानं उद्या घर मोडायला सांगितलं तर तिला या कायद्याचा आधार नव्हता. अभिनेत्रीला हे समजावून सांगा. 'व्हर' ऐकेपर्यंत ती फक्त चुडतां मागत नाही, घर मागते.

मांडवीकाठ
वकीलबाब, शेवटचं वाक्य पटकथेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखं आहे.

सुरंगी
मानधनाबद्दल कुणी बोललं नाही, मी बोलते. घरचे 'पैसे कशाला, बाबांचं नाव होतंय' असं म्हणतील. आम्हीही म्हटलं होतं. तरी द्या. निधी कमी असेल तर कमी द्या, पण कॅमेरा भाड्यानं घेताना जसं ठरवता तसं आधी ठरवून, लेखी द्या. गोव्यातल्या लेखकांनी पुष्कळदा पदरचे पैसे घालून पुस्तकं छापली. बाबांच्या पुस्तकांचे गठ्ठे आमच्या माळ्यावर होते. त्यांच्या लिहिण्याला कुणीतरी मोल लावलं, हे आईला शालीपेक्षा जास्त आवडलं होतं. ते पाकीट तिनं खर्च केलं नाही, त्यातून कथासंग्रहाची नवी आवृत्ती काढली.

पाटोचा_वाचक
सुरंगीताई, नवी आवृत्ती! रानवाट, हाच मुद्दा. तुमच्या कथेचा संग्रह आज बाजारात मिळतो का?

रानवाट
नाही मिळत. माझ्याकडे आहे ती झेरॉक्स, कॉलेजच्या ग्रंथालयातली.

सगळं परत परत वाचलं. आता माझं ठरतंय ते लिहितो.

मुलगी राहील. संवाद कोकणी. पाटी मराठीत आणि कोकणीत, आधी लेखकाचं नाव, मग कथेचं, आणि 'मराठी कथेवरून' असं स्पष्ट. वकीलबाब म्हणतात तसं पटकथेवर सगळ्या वारसांच्या सह्या. त्यांची एक मुलगी पुण्याला असते, तिच्याकडे स्वतः जाऊन वाचून दाखवणार, टपालानं पाठवणार नाही. सुरंगीताई, तुमच्या आईनी गाडीत जे म्हटलं ते तिनं म्हणायची पाळी येऊ नये, एवढीच माझी इच्छा. ती वाचून 'मुलगी नको' म्हणाली, तर मी भांडेन. पण तिच्यासमोर बसून, कथेचं पान उघडून भांडेन.

मानधन पहिल्या हप्त्यातूनच जाईल, शेवटच्या नव्हे. आमच्या धंद्यात लेखकाचा हप्ता शेवटी ठेवतात आणि शेवटी पैसा उरत नाही.

आणि खेळाच्या ठिकाणी ती कथा छापलेली मिळायला हवी. पूर्ण संग्रह परवडणार नाही, पण वारसांनी मान्यता दिली तर एका कथेची सोळा पानी पुस्तिका सहज होईल. आधी चित्रपट, मग पुस्तिका द्यायची. उलट केलं तर लोक पडद्याकडे न बघता पानं ताडून बघत बसतील.

उजवाड
पुस्तिकेची कल्पना उत्तम. माझ्या विद्यार्थ्यांना दोन्ही एकत्र शिकवता येईल. मला प्रती ठेवा.

नाटकवेडा_डिचोली
डिचोलीत खेळ लावायचं माझ्याकडे लागलं. नावं मीच वाचणार, पहिलं कुणाचं ते सांगायला नको.

पाटोचा_वाचक
रानवाट, झेरॉक्सवरून पुस्तिका जुळवू नका. संग्रहात आणि आधीच्या नियतकालिकातल्या पाठात फरक असतो, लेखक मधे हात फिरवतात. कथा पहिल्यांदा कुठे छापून आली ते व्यक्तिगत निरोपात कळवा. पणजीत पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालयात जुने अंक बांधून ठेवलेले आहेत. येत्या शनिवारी मी तिथेच आहे, काढून ठेवतो. आलात तर दोन्ही पाठ समोरासमोर ठेवून वाचू.

रानवाट
शनिवारी सकाळी येतो. सांग्याहून पहिली बस पकडली तर दहापर्यंत पोचेन.